गोठ्यात उभे केलेले वेल्डिंगचे दुकान : जून ते ऑक्टोबर २०२४च्या नोंदी

१ जून

कागल तालुक्यातील आमच्या घरामागे १२ बाय २० फुटांचा जुना गोठा आहे. जनावरे विकल्यापासून तो मोकळाच पडला होता. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी ११ वर्षे वेल्डर होतो. ती नोकरी सोडून या गोठ्यात फॅब्रिकेशनचे छोटे दुकान काढायचे ठरवले असून हाताशी १,२०,००० रुपये आहेत. कर्ज काढायचे नाही, कारण पहिले सहा महिने काम किती येईल याचा मला स्वतःलाच भरवसा नाही.

वहीत मांडलेल्या अंदाजात सर्वांत मोठा आकडा यंत्रांचा आहे. विजेला ८,००० रुपये, टेबलाला ६,००० आणि जमिनीच्या कोब्याला ५,००० रुपये धरले आहेत. हे तिन्ही आकडे पुढे साफ चुकले, पण वहीतील मूळ पान मी खोडलेले नाही.

१० जून

यंत्र पाहण्यासाठी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तेथे एका गाळ्याबाहेर तेलात बसवलेला ४०० अँपिअरचा जुना ट्रान्सफॉर्मर सेट ११,००० रुपयांना मिळत होता आणि मोह आवरणे कठीण होते, कारण असा सेट वीस वर्षे मरत नाही हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु त्याला थ्री फेजमधील दोन फेज लागतात, तो हलवायला चार माणसे लागतात आणि आमच्या गल्लीपर्यंत थ्री फेज आणायची तर खर्च अंदाजाच्या बाहेर जातो. म्हणून तो सोडला.

कारखान्यात माझा हात सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगवर, बसलेला आहे, तरीही ते यंत्र घेतले नाही. माझे निम्मे काम उघड्यावर, वाऱ्यात असणार. तेथे वायूचे आवरण उडून जाते आणि जोडात छिद्रे पडतात. शिवाय सिलिंडरची अनामत आणि तो भरून आणण्याच्या फेऱ्या वाढतात. शेवटी रॉडवर चालणारे सिंगल फेजचे २५० अँपिअरचे इन्व्हर्टर यंत्र १५,८०० रुपयांना घेतले. २०० अँपिअरचे यंत्र निम्म्या किमतीत मिळत होते, पण त्याच्या पाटीवर पूर्ण करंटला ड्युटी सायकल ३० टक्के लिहिली होती. म्हणजे दर दहा मिनिटांत तीन मिनिटे वेल्डिंग आणि सात मिनिटे विश्रांती. पाटीवर ड्युटी सायकल लिहिलेलीच नसेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रासोबत मिळालेल्या केबली तीन मीटरच्या होत्या आणि होल्डर दोन दिवसांत ढिला पडेल असा होता. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल, रॉड धरणारा नवा होल्डर आणि लोखंडाला लावून करंट परत नेणारा चिमटा, म्हणजे पितळी अर्थ क्लॅम्प, यांचे ६,१०० रुपये वेगळे गेले.

१८ जून

घरच्या मीटरवर दुकान चालवायचे नव्हते, म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच औद्योगिक दराच्या सिंगल फेज जोडणीसाठी अर्ज केला होता. लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायला मीच विसरल्यामुळे आठ दिवस वाया गेले. उद्यम नोंदणी मात्र आधार आणि पॅनच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर अर्ध्या तासात आणि फुकट झाली. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांकडे जाण्याचे काहीच कारण नाही. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील, तर २०२४ मध्ये दुकान कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागत होती. तीही दिली.

जमिनीत पाणी मुरत होते. ओल्या जमिनीवर उभे राहून होल्डरमध्ये रॉड बदलणे म्हणजे शॉकला आमंत्रण देणे आहे, त्यामुळे कोबा टाळता आला नाही. शेण आणि मूत्र मुरलेली माती फूटभर उपसून, मुरूम भरून, चार इंच काँक्रीट करेपर्यंत १२,४०० रुपये झाले.

अर्थिंगसाठी अडीच मीटर खोल खड्डा घेऊन त्यात जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) उभा केला आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर भरले. वायरमन मित्राने मीटर लावून पाहिले तेव्हा १४ ओहम आले. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर ५ ओहम. पावसाळ्यात हा आकडा चांगलाच राहील. उन्हाळ्यात पाणी घालायची आठवण म्हणून पाइपाच्या तोंडाला नरसाळे बसवून ठेवले आहे.

२९ जून

मीटर बसला आणि आज पहिला आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यातील विजेची ज्योत) मारला. सकाळी ठीक चालले. संध्याकाळी सातच्या सुमारास ३.१५ मिलिमीटरचा रॉड १२० अँपिअरवर लावला तर तो चिकटू लागला, आर्क मध्येच तुटू लागला आणि दहा मिनिटांनी यंत्रावरील पिवळा दिवा लागून यंत्र बंद पडले. यंत्रच सदोष आहे असे समजून दुकानदाराला फोन केला आणि चार शब्द सुनावले. ते शब्द दुसऱ्या दिवशी मला परत घ्यावे लागले.

३ जुलै

दोष माझ्या केबलीत होता. मीटर रस्त्याकडील भिंतीवर आहे आणि तेथून गोठा ४५ मीटर आत आहे. एवढ्या अंतरासाठी मी विहिरीच्या मोटरीची ४ चौरस मिलिमीटरची जुनी ॲल्युमिनियम केबल वापरली होती, कारण ती घरात पडून होती. शेजारचे काका सहज डोकावले आणि केबलीवर हात ठेवून म्हणाले, "तुझी वायर तापतीया बघ." त्यानंतर मी गणित केले, जे खरे तर आधी करायला हवे होते. जाऊन-येऊन ९० मीटर तार, तिचा रोध ०.६३ ओहम. यंत्र २५ अँपिअरच्या आसपास खेचते, म्हणजे वाटेतच १६ व्होल्ट गळतात. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे आणि पंखे चालू असताना मीटरवरच १९५ व्होल्ट मिळत होते; यंत्रापर्यंत १७९ पोहोचत होते.

तांब्याची १० चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी तर तिचा भाव ऐकूनच मागे फिरलो. १६ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम आर्मर्ड केबलीचा रोध जवळजवळ तेवढाच, म्हणजे ०.१६ ओहम येतो आणि किंमत निम्म्याहून कमी पडते. ती घातली. ॲल्युमिनियमचे टोक थेट तांब्याच्या किंवा पितळी टर्मिनलमध्ये आवळले तर कालांतराने जोड ढिला होऊन जळू शकतो, म्हणून दोन्ही टोकांना बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबे असलेली जोडटोके) बसवले. लगसह ५,१५० रुपये खर्च झाला. संध्याकाळी आता यंत्रावर १९१ व्होल्ट मिळतात आणि आर्क तुटत नाही.

नवी जोडणी, ठेकेदार, केबल, बोर्ड आणि अर्थिंग मिळून विजेचा खर्च २२,९५० रुपये झाला. अंदाज ८,००० रुपयांचा होता. कारखान्यात ११ वर्षे मी भिंतीवरील सॉकेटमध्ये प्लग खुपसत होतो. त्या सॉकेटमागे काय असते, याचा विचार करायची वेळच आली नव्हती.

९ ते १४ जुलै

हे सहा दिवस टेबलात गेले.

भंगारातून १० मिलिमीटर जाडीची, पाच बाय अडीच फुटांची प्लेट आणली. वजनकाट्यावर ती ९२ किलो भरली आणि ४६ रुपये किलोने ४,२३२ रुपये झाले. निवडताना तिच्यावर लांब स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून बॅटरीचा उजेड पाहिला होता. उजेड जवळपास कुठेच दिसत नव्हता, इतकी ती सरळ होती. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरच्या अँगलची (एल आकाराच्या लोखंडाची) चौकट केली, तिच्यावर प्लेट ठेवली आणि मजबुतीच्या हौसेने खालच्या बाजूने चौकटीभोवती सलग टाका मारून टाकला. जोड देखणा आला होता. समाधानाने जेवायला गेलो.

परत येऊन पट्टी ठेवली तर दोन्ही टोकांना उजेड दिसत होता. पट्टी मधोमध टेकून डुलत होती. एक टोक दाबून धरले तर दुसऱ्या टोकाखाली अख्खी पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकत होती. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, हे मी शिकाऊ मुलांना स्वतः सांगत आलो आहे. येथे सगळे टाके प्लेटच्या खालच्या अंगाला होते, त्यामुळे खालचे अंग आखडले आणि प्लेट मध्यभागी फुगून टोकांना खाली झुकली. आधी जॅक लावून पाहिला. जॅक असेपर्यंत प्लेट सरळ राही आणि काढला की होती तशी होई. नंतर वरून तापवून पाणी मारून पाहिले. फुगवटा थोडा कमी झाला, पण एका कोपऱ्याला नवा पीळ पडला.

शेवटी ग्राइंडरने सगळे टाके कापून काढले. त्यात दीड दिवस गेला आणि कापायच्या व घासायच्या मिळून ११ चकत्या संपल्या. सुटी झाल्यावर प्लेट बरीचशी मूळ आकारावर आली. तिला उलटी करून, उरलेला बाक वरून घण मारून आणि पट्टी लावून पाहत काढला. त्यानंतर चौकटीला आठ ठिकाणी जाड पट्टीचे कान जोडले, प्लेटला खोलगट तोंडाची छिद्रे पाडली आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी ती चौकटीवर आवळली. प्रत्येक बोल्टाशेजारी खालून रेटणारा दुसरा बोल्ट आहे, त्यामुळे कोठे खाली-वर झाले तर दोन पाने घेऊन पुन्हा सपाट करता येते. आता पाच फुटांत फरक एक मिलिमीटरच्या आत आहे.

टेबलाचा एकूण खर्च ११,३५० रुपये झाला. तरीही दुकानातील कोणती वस्तू आधी करावी असे कोणी विचारले, तर मी टेबलच सांगेन, कारण वाकड्या टेबलावर टाचलेली खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसणे केवळ नशिबावर अवलंबून असते. फक्त प्लेट वेल्ड करू नका, बोल्टने बसवा.

२२ जुलै

पाऊस आठ दिवस थांबलेला नाही. कालपासून रॉड फुसफुसतो आहे, शिंतोडे उडतात आणि खपली काढली की टाक्यात टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसतात. पाकीट फोडून कपाटात ठेवलेल्या, साध्या कामाच्या ६०१३ क्रमांकाच्या रॉडचे कवच ओल धरून बसले होते. एक रॉड वाकवला तर कवचाचे तुकडे ओल्या चुन्यासारखे गळून पडले.

भंगारवाल्याकडून बंद पडलेला फ्रिज ६०० रुपयांना आणला आणि त्याच्या तळाशी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला. दार बंद असले की आत चांगली ऊब राहते आणि कोरडे रॉड कोरडेच राहतात. मात्र आधीच भिजलेला रॉड त्यात वाळत नाही. ६०१३ला साधारण १०० अंशांवर तासभर द्यावा लागतो, तो मी घरच्या ओव्हनमध्ये दिला आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. जास्त मजबूत जोडासाठीच्या ७०१८ रॉडला ३०० अंशांच्या वर तापमान लागते; ते ना त्या ओव्हनच्या आवाक्यातले आहे, ना फ्रिजच्या. म्हणून ७०१८ची लहान, हवाबंद पाकिटेच घेतो आणि फोडलेले पाकीट त्याच दिवशी संपवतो.

१ ऑगस्ट

१४ इंची चॉप सॉ (चकतीने लोखंड कापायचे यंत्र) ९,२०० रुपयांना घेतला. पहिल्या दिवशी ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे सर्व तुकडे दीड मिलिमीटर तिरके आले. यंत्रावरील अंशांच्या खुणांवर विश्वास ठेवला होता. चकतीला गुण्या लावून मागची आडपट्टी पुन्हा बसवली आणि खिळ्याने नवी खूण कोरली. चकती दाबून चालवली तर ती वाकते आणि कापही तिरका जातो. यंत्राच्या वजनानेच ती उतरू द्यावी.

शिकंजा सहा इंची, २,९०० रुपये. स्टँडचे ड्रिल मशीन जुने, ९,५०० रुपये. दोन्हींबद्दल तक्रार नाही.

११ ऑगस्ट

पहिले पैशांचे काम मिळाले : द्राक्षाच्या मळ्यातील शेडसाठी जीआय पाइपाचे फाटक. पाऊस आत येत होता म्हणून दार ओढून घेतले आणि दिवसभर आत बसून वेल्डिंग केले. जस्ताचा पांढरा धूर छपराखाली कापसासारखा साठत होता आणि मी तो हाताने बाजूला सारत होतो. संध्याकाळी तोंडाला गोडसर धातूची चव आली, रात्री हुडहुडी भरली, अंग मोडून आले, दोन गोधड्या घेऊनही थंडी जाईना. सकाळी ताप उतरला. डॉक्टरांनी कामाचे स्वरूप विचारले आणि जस्ताच्या धुरामुळेच असे झाल्याचे सांगितले.

आमच्या धंद्यात यावर गूळ खातात आणि दूध पितात. कारखान्यात मीही खात असे. गुळाने तोंडाची चव जाते, छातीत गेलेला धूर जात नाही. आता जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जस्ताचा थर घासून काढतो, काम दाराबाहेर ताडपत्रीखाली घेतो आणि धुराचा मास्क लावतो. घासलेल्या जागेवर नंतर झिंकचा रंग मारतो. फाटकामागे दोन तास वाढतात, आणि ते दर सांगतानाच धरावे लागतात. पहिल्या फाटकात मी ते धरले नव्हते.

त्याच आठवड्यात मदतीला येणाऱ्या भाच्याच्या डोळ्यांना आर्क लागला. तो काच न लावता बाजूला उभा राहून पाइप धरत होता. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन रडत बसला. बहिणीने मला जे ऐकवले ते येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी वेगळे हेल्मेट आणले आणि रस्त्याच्या बाजूला जाड पडदा टांगला, कारण शाळेतून येणारी मुलेही थांबून आर्क पाहत असतात. सुरक्षेच्या सामानाला एकूण ६,७०० रुपये लागले.

२६ सप्टेंबर

गाळप सुरू होण्याआधी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. आतापर्यंतची सर्वांत महागडी चूक याच कामात झाली.

ट्रॉलीच्या चासीला मागे तडा होता. तडा व्ही आकारात घासला, ७०१८ने भरला, वर पट्टी जोडली. काम मनासारखे झाले. चूक क्लॅम्प लावताना झाली होती. चासीवर चिखल, मळी आणि रंगाचे तीन थर होते, ते घासायचा कंटाळा आला; चाकाच्या डिस्कची कड मात्र घासून लख्ख झालेली होती, म्हणून क्लॅम्प तेथे अडकवला. आर्क उत्तम चालला. तिसऱ्या दिवशी ट्रॉलीचे मालक आले आणि म्हणाले, "दादा, चाक गुरगुरतंय."

हब उघडला. बेअरिंगच्या रोलरवर आडव्या, करड्या रेघा होत्या, बोटाने चाचपले तर काचकागदासारख्या लागत होत्या. चासीत मारलेला करंट ॲक्सलमधून, बेअरिंगमधून आणि हबमधून चाकावरील क्लॅम्पकडे परत गेला होता आणि रोलर जेथे जेथे टेकले होते तेथे बारीक ठिणग्या पडून पोलाद खाल्ले गेले होते. मालकांना मी कारण सांगितले. दोष ग्रीस कमी असण्यावर ढकलता आला असता, पण हबमध्ये ते भरपूर आणि स्वच्छ होते आणि त्यांनी ते पाहिले होते. आतली व बाहेरची अशी दोन्ही बेअरिंगे आणि सील माझ्या पैशाने बसवून दिले : २,३५० रुपये. दुरुस्तीचे मला १,८०० मिळाले होते.

आता क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्डिंग करायचे त्याच तुकड्यावर, टाक्यापासून हातभर अंतरात लावतो आणि त्यासाठी जागा आधी घासून घेतो. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर तो सोडायला लावतो. सोडता येत नसेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढतो, नाहीतर अल्टरनेटर जाऊ शकतो.

१२ ऑक्टोबर

दसऱ्याला यंत्रांची पूजा केली आणि वही मिटवली. एकूण खर्च १,२५,४५० रुपये, म्हणजे हाताशी असलेल्या रकमेपेक्षा ५,४५० जास्त. वीज, टेबल आणि कोबा या तिघांनीच ४६,७०० घेतले, जे वहीत १९,००० धरले होते. वेल्डिंगचे यंत्र, चॉप सॉ, ड्रिल आणि दोन ग्राइंडर मिळून ३९,९०० झाले. गॅस कटिंगचा संच घ्यायचा राहिला आहे. जाड प्लेट कापायची असली की कागलला नेऊन कापून आणतो, आणि महिन्यात तशी दोनच कामे येत असल्याने तूर्त ते परवडते. सिलिंडर उभे ठेवायला वेगळी, सावलीची जागा झाल्याशिवाय तो आणायचाही नाही.

बेअरिंगवाले मालक काल दुसरी ट्रॉली घेऊन आले. चासीवर क्लॅम्पपुरती जागा त्यांनी घरीच घासून आणली होती.